बॉम्बे टॉकीज : मालाडचे एक आवार



या व्यासपीठावर मला उभे करण्यात चालकांनी थोडा धीटपणाच दाखवला आहे. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, पाळी सुटल्यावर आणि पुष्कळदा डुलक्या घेत घेत. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची कल्पना होती. मी 'बॉम्बे टॉकीज' असे कळवले. तेव्हा एका चिटणिसांनी फोन करून विचारले, "तुमचा आणि सिनेमाचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. संबंध इतकाच की, मी बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरी केली आहे. नट म्हणून नव्हे. पॉवर प्रेसवर.

हे कसे ते सांगतो. मालाड स्टेशनला पश्चिमेकडे उतरले की स्वामी विवेकानंद रस्ता लागतो. जुनी माणसे त्याला अजून घोडबंदर रोड म्हणतात. तिथून जवळच 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' नावाचे आवार आहे. १९८८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मी त्या आवारातल्या एका शेडमध्ये लागलो. कुणी पत्र्याची झाकणे पाडतो आहे, कुणी प्लॅस्टिकचे साचे मारतो आहे, कुणी खोट्या दागिन्यांना मुलामा देतो आहे, असे ते आवार. पहिल्या दिवशी पत्ता शोधताना माझी समजूत झाली की इथे एखादे थिएटर असेल आणि कारखाना त्याच्या मागे असेल. थिएटर काही सापडले नाही. मी शेजारच्या गाळ्यात लाकडी खोकी ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराला विचारले. ते हसले. हातातली पटाशी खाली ठेवून त्यांनी मला बाहेर नेले, पायाखालची जमीन दाखवली आणि म्हणाले, "या जागेवर मी राजवाडे बांधले आणि मोडले. कधी कधी एकाच आठवड्यात."

त्या दिवसापासून ही जागा माझ्या डोक्यातून गेली नाही. आज तिचीच हकीकत तुमच्यापुढे मांडणार आहे. नटनट्यांच्या प्रेमकथा ऐकायला कुणी आले असतील तर त्यांची थोडी निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

ही जागा ज्याने उभी केली तो माणूस मुंबईचा नव्हता. हिमांशु राय यांचा जन्म १८९२ साली कटकला, एका सधन बंगाली कुटुंबात झाला. शिक्षण कलकत्त्यात व शांतिनिकेतनात झाले आणि मग रिवाजाप्रमाणे बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले. तिथे कायदा मागे पडला आणि रंगभूमीचे वेड लागले. लंडनमध्येच त्यांची गाठ निरंजन पाल या नाटककाराशी पडली. लाल-बाल-पाल आपण शाळेत पाठ केले आहेत. त्यांतल्या पालांचे, म्हणजे बिपिनचंद्र पालांचे, हे चिरंजीव. दोघांनी मिळून नाटक केले आणि मग ते चित्रपटाकडे वळले. १९२५ साली रायांनी जर्मनीतल्या म्युनिकच्या एका कंपनीशी भागीदारी करून बुद्धचरित्रावर 'प्रेम संन्यास' हा मूकपट काढला आणि त्यात गौतमाची भूमिका स्वतः केली. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन हे जर्मन गृहस्थ. पुढे १९२८ साली 'शिराझ' आणि १९२९ साली 'प्रपंच पाश' आला. कथा हिंदुस्थानची, नट हिंदुस्थानचे, यंत्रे व तंत्रज्ञ युरोपचे आणि प्रेक्षक दोन्हीकडचे, असा हा मामला होता.

मूकपट होता तोवर हे जमले, कारण मुक्या चित्राला भाषा नसते. बोलपट आला आणि प्रेक्षक भाषेभाषेने वाटला गेला. रायांनी १९३३ साली 'कर्मा' हा बोलपट इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. त्यात ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी देविकाराणी होत्या. लंडनमध्ये देविकाराणींचे कौतुक झाले. पण त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्या देशाच्या जोरावर हा सारा व्यवहार चालला होता तिथली दारे एकेक करून लागत गेली. तेव्हा राय परत फिरले. मात्र येताना ते रिकाम्या हाताने आले नाहीत. कॅमेरा कुठे ठेवायचा याबरोबरच कारखाना कसा चालवायचा हेही ते शिकून आले होते. माझ्या मते त्यांचे खरे भांडवल हेच.

आता मालाडचे त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. आज तिथे पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा मालाड मुंबईच्या हद्दीतही नव्हते. महानगरपालिकेत ते १९५७ साली आले. फोर्टमधल्या कितीतरी इमारतींना लागलेला तो पिवळसर 'मालाडचा दगड' इथल्याच खाणींतला. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ साली सुरू झाली होती, म्हणजे शहरातून येणेजाणे सोपे झाले होते. आणि तरीही शांतता होती. बोलपटाला ही शांतता फार लागते, कारण ध्वनिलेखन यंत्राला नटाचा आवाज आणि बाहेरच्या कावळ्याचा आवाज यांतला फरक कळत नाही. फ. ई. दिनशा हे मुंबईचे मोठे पारशी वित्तव्यवहारी. सिमेंटच्या कंपन्या एकत्र आणण्याची कल्पना त्यांचीच. त्यांचा उन्हाळ्यात राहायचा प्रशस्त बंगला मालाडला होता. १९३४ साली त्याच जागेत 'बॉम्बे टॉकीज लिमिटेड' उभी राहिली.

यातला 'लिमिटेड' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळचा चित्रपटधंदा म्हणजे एखादा शेठ, त्याची तिजोरी आणि त्याची मर्जी. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात कंपनी पाच भागीदारांची होती, पण तीसुद्धा भागीदारीच. रायांनी सरळ सार्वजनिक कंपनी नोंदवली. अधिकृत भांडवल २५ लाख रुपये. संचालक मंडळावर दिनशांबरोबर सर चिमणलाल सेटलवाड, सर कावसजी जहांगीर अशी माणसे. भाग शेअर बाजारात. सिनेमात काम करणाऱ्याला जेव्हा कुणी भाड्याने खोली देत नसे, तेव्हा त्याच सिनेमाच्या कागदपत्रांवर बॅरिस्टर आणि सरदार लोकांच्या सह्या आल्या. याने धंद्याला अब्रू मिळाली. पण भाग म्हणजे विकता येणारी वस्तू हेही त्याच दिवशी ठरून गेले. त्याचा परिणाम वीस वर्षांनी दिसला. तो पुढे येईलच.

कारखान्याची मांडणी पक्की होती. ओस्टेन दिग्दर्शक. योझेफ व्हिर्शिंग छायालेखक. नेपथ्याला आणि रसायनशाळेलाही जर्मन तज्ज्ञ. प्रत्येक जर्मनाच्या हाताखाली हिंदुस्थानी तरुण, आणि तो तरुण होता होईल तो शिकलेला असावा असा रायांचा आग्रह. पहिला चित्रपट 'जवानी की हवा' १९३५ साली आला. त्याचे संगीत सरस्वतीदेवींचे. हे त्यांचे कंपनीतले नाव. मूळच्या त्या खुर्शीद मिनोचर-होमजी, पंडित भातखंड्यांच्या शिष्या. पारशी घरातल्या मुलीने सिनेमाला संगीत द्यावे आणि तिच्या बहिणीने पडद्यावर यावे, याविरुद्ध पारशी समाजातल्या काही मंडळींनी मोठी ओरड केली. कंपनीने दोघींना काढले नाही. नावे बदलली, माणसे ठेवली. सरस्वतीदेवी पुढे अनेक वर्षे तिथे होत्या.

नायकाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या चित्रपटाचा नायक नायिकेसह निघून गेला, नायिका परत आली, नायक काही परत घेतला गेला नाही. मला त्या प्रकरणात रस नाही. त्यापुढे जे झाले त्यात आहे. रायांनी नवा नायक बाहेरून आणला नाही. रसायनशाळेत फिल्म धुणारा एक मुलगा होता. खांडव्याचा, कायद्याचा अभ्यास अर्धा सोडून आलेला. त्यालाच उभे केले. नायक व्हायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. तो अशोककुमार. १९३६ सालच्या 'जीवन नैया'त तो पहिल्यांदा दिसला. रसायनशाळेच्या मोरीतून माणूस पडद्यावर जातो, अशी ही गोष्ट आम्ही प्रेसवरची पोरे एकमेकांना फार आवडीने सांगत असू.

त्याच १९३६ साली 'अछूत कन्या' आला. काळ लक्षात घ्या. १९२७ साली महाडचे चवदार तळे झाले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी, मी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. आणि वर्ष उलटायच्या आत मालाडच्या एका कंपनीने अस्पृश्य मुलीला नायिका करून चित्र काढले. निरंजन पालांची कथा. रेल्वेच्या फाटकावरचा पहारेकरी दुखिया, त्याची मुलगी कस्तुरी आणि तिचा बालमित्र, ब्राह्मणाचा मुलगा प्रताप. लग्न होऊ शकत नाही. शेवटी त्याच फाटकावर दोघा पुरुषांची मारामारी थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली जाते.

मी हे चित्र दोनतीनदा पाहिले. पहिल्यांदा रडलो. दुसऱ्यांदा राग आला. मरायचे कुणी? तिनेच. ब्राह्मणाचा मुलगा जिवंत राहतो, समाजही जिवंत राहतो. तिची समाधी बांधली की हिशेब पुरा. बाबासाहेबांच्या चळवळीतली माणसे मरण मागत नव्हती, पाणी मागत होती. रायांच्या कथेला तिथवर जाता आले नाही हे मला स्पष्ट म्हटले पाहिजे. आणखी एक गोष्ट. हे चित्र दिग्दर्शित करणारे ओस्टेन त्याच वर्षी हिटलरच्या पक्षाचे सभासद झाले होते. दिवसा अस्पृश्यतेविरुद्ध चित्र आणि खिशात त्या पक्षाचे सभासदत्व! माणसाच्या आतले हे कप्पे कसे असतात हे मला उलगडलेले नाही. युनियनच्या कामातही मी अशी माणसे पाहिली आहेत. सभेत घोषणा देणारी आणि घरी जाऊन बायकोला मारणारी.

पण पडद्यावर जे अर्धे राहिले ते पडद्यामागे बरेचसे झाले, आणि म्हणूनच मी हिमांशु रायांचे नाव आदराने घेतो. स्टुडिओत एकच उपाहारगृह होते. दिग्दर्शक, नटी, सुतार, दिवे धरणारा, झाडणारा, सगळ्या जातींची व धर्मांची माणसे तिथेच जेवत. हा रायांचा नियम होता आणि तिथे राहून गेलेल्या अनेकांनी तो आठवणीने सांगितला आहे. नायिकेलाही पगारच असे आणि सुतारालाही पगारच असे. आकडा वेगळा, पण तारीख एक.

मी ज्या शेडमध्ये काम करत होतो तिथे, त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, आम्ही यंत्राच्या कडेला पत्र्यावर डबा उघडत होतो. जेवायला जागा नव्हती. आमच्यातला एक जण आपला डबा घेऊन वेगळा बसे. त्याला कुणी बसवले नव्हते, पण तो बसे, आणि का ते सर्वांना कळत होते. एका पावसाळ्यात माझ्या शेजारच्या मुलाची दोन बोटे प्रेसमध्ये गेली. मालकाने टांग्याएवढ्या भाड्याचे पैसे दिले आणि तो आमच्याकडे कधी नव्हताच असे सांगितले. हजेरीपट नव्हताच, मग त्याचे नाव कुठे असणार? मी युनियनमध्ये आलो तो तेव्हा. आमच्या पहिल्या मागणीपत्रकात पगारवाढ तिसऱ्या क्रमांकावर होती. पहिल्यावर हजेरीपट आणि दुसऱ्यावर एकत्र बसून जेवायची जागा. ही दुसरी मागणी मी कुठून घेतली ते म्हाताऱ्या सुतारबाबांना ठाऊक होते.

तरीही सांगतो, मालक चांगला असणे आणि कामगाराला हक्क असणे या दोन गोष्टी वेगळ्या. बॉम्बे टॉकीजमध्ये जे चांगले होते ते एका माणसाच्या स्वभावात होते. त्याचा करार नव्हता, नियमपुस्तक नव्हते, त्याला कायद्याचा आधार नव्हता. आणि माणूस तर मर्त्य.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने जर्मन मंडळींना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत टाकले. तोवर ओस्टेन यांनी या कंपनीसाठी सोळा चित्रपट दिग्दर्शित केले होते. तेव्हा 'कंगन'चे काम चालू होते. नायिका आपल्या लीला चिटणीस. त्यांच्या 'चंदेरी दुनियेत' या आत्मचरित्राचे नाव तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दिग्दर्शक गेला, छायालेखक गेला. एखादी कंपनी कोसळली असती. पण हिंदुस्थानी मदतनिसांनी चित्र पुरे केले आणि ते चालले. पाच वर्षांत शिकवलेल्या हातांनी कारखाना एक दिवसही बंद पडू दिला नाही. कुणी मला विचारले की हिमांशु रायांनी काय बांधले, तर मी बंगल्याकडे वा ध्वनिबंद दालनाकडे बोट दाखवणार नाही. हे हात दाखवीन.

रायांवर मात्र ताण असह्य झाला. मे १९४० मध्ये ते वारले. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास.

पुढचा इतिहास भागांचा आणि मतांचा आहे. देविकाराणींनी कारभार हाती घेतला. स्त्रीने स्टुडिओ चालवायचा ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती, आणि त्यांनी तो काही वर्षे उत्तम चालवला हे मान्य केलेच पाहिजे. पण आत दोन तट पडले होते. एका तटाकडून १९४३ साली 'किस्मत' आला. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो तीन वर्षांहून अधिक चालला. त्यात एक गाणे असे होते की वरून ते जर्मनी व जपान यांना उद्देशून वाटावे. सेन्सॉरलाही तसेच वाटले. प्रेक्षकांना मात्र ते कुणाला सांगितले आहे ते पहिल्याच खेळाला समजले. हे सांगताना एक गोष्ट मात्र मनात सलते. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. रॉक्सीसमोर तिकिटांची रांग आणि त्याच शहराच्या रस्त्यांवर भाताच्या पेजेसाठी हात पसरणारी माणसे. चित्रपटाचा त्यात दोष नाही. पण यशाचा तो विक्रम सांगताना ही दुसरी रांग कुणी सांगत नाही.

'किस्मत'च्या वर्षीच अशोककुमार, शशधर मुखर्जी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि जवळच गोरेगावला त्यांनी 'फिल्मिस्तान' काढले. देविकाराणींनी १९४४ च्या 'ज्वार भाटा'त एक नवा तरुण आणला. तो दिलीपकुमार. पुढच्या वर्षी त्यांनी चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला, आपले भाग विकले आणि चित्रसृष्टी सोडली. भाग विकले! नियमाने त्यात काही वावगे नाही. पण त्या भागांबरोबर सुतारखाना, रसायनशाळा आणि पगाराची तारीख यांचेही भवितव्य दुसऱ्याच्या हाती गेले.

फाळणीच्या सुमारास अशोककुमार व ध्वनिलेखक सावक वाच्छा कंपनी चालवू लागले. सआदत हसन मंटो तेव्हा तिथे लेखक होते. शाहिद लतीफ, इस्मत चुगताई, कमाल अमरोही हीही मंडळी आली होती. आणि त्याच आवारात निनावी पत्रे येऊ लागली, असे मंटोंनी लिहून ठेवले आहे. इथे मुसलमान का ठेवले आहेत, स्टुडिओ जाळून टाकू, या मजकुराची. जिथे वर्षानुवर्षे एका पंगतीला जेवण झाले तिथे! मी कामगार संघटनेचा माणूस आहे. १९९२-९३ च्या दंगलीत आमच्या उपनगरांत काय झाले ते मी पाहिले आहे. एकत्र जेवल्याने सारे मिटते असे मी आता म्हणत नाही. मंटो जानेवारी १९४८ मध्ये पाकिस्तानात गेले. अशोककुमार व वाच्छा यांनी मात्र पत्रांना भीक घातली नाही. १९४८ साली 'जिद्दी' शाहिद लतीफ यांनी केला, १९४९ साली 'महल' कमाल अमरोहींनी केला, आणि 'महल'चे छायालेखन कुणी केले असेल? त्याच व्हिर्शिंग यांनी. युद्ध संपल्यावर कैदेतून सुटलेला तो जर्मन पुन्हा इथेच कामाला आला. १९६७ साली तो मुंबईतच वारला. तेव्हा तो 'पाकीजा'चे छायालेखन करीत होता.

'महल' खूप चालला, पण कंपनीचे कर्ज आणि वाद संपले नाहीत. मालकी पुन्हा बदलली. काळही बदलला होता. युद्धातल्या काळ्या पैशाने स्वतंत्र निर्माते उभे राहिले. त्यांना स्टुडिओ नको होता, चार दिवस भाड्याने शेड हवी होती. नटाला महिन्याचा पगार नको होता, चित्रामागे रक्कम हवी होती. नट तरला. सुताराचे काय? १९५१ साली स. का. पाटील समितीने चित्रपटधंद्यावर सरकारला अहवाल दिला. पश्चिम भारतातील सिने-कर्मचाऱ्यांचा महासंघ १९५६ साली झाला. आणि संसदेने सिने-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला तो १९८१ साली. मधली तीस वर्षे मोजून पाहा.

आता त्या गोष्टीवर येतो, जिच्यासाठी खरे म्हणजे मी हा विषय घेतला.

कंपनी बुडत होती तेव्हा तिच्या कामगारांनी आपली औद्योगिक सहकारी संस्था नोंदवली आणि चित्रपट काढला. दिग्दर्शक फणी मजुमदार. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि आपल्या उषा किरण, असे कलावंत त्यांच्यामागे उभे राहिले. १९५४ साली तो लागला. नाव 'बादबान'. बादबान म्हणजे शीड. कथा समुद्रावर जगणाऱ्यांची. या देशातल्या एका नामांकित स्टुडिओचे शेवटचे चित्र त्याच्या मजुरांच्या संस्थेच्या नावावर आहे, ही गोष्ट सिनेमाच्या इतिहासांत एका ओळीत उरकलेली असते. मला ती ओळ वाचनालयात सापडली तेव्हा मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या.

शिडाने तारू वाचले नाही. कंपनी त्याच वर्षी बंद पडली. एका चित्राने वीस वर्षांचा गुंता सुटत नसतो. आणि कामगारांच्या हाती कारखाना येतो तो बहुधा मालकाने सगळे रस काढून घेतल्यावरच येतो. उसाचे चिपाड हाती द्यायचे आणि म्हणायचे, काढा गूळ!

माझ्या आयुष्यात असाच एक प्रसंग आला. १९९६ साली उपनगरातला एक लहान कारखाना बंद पडला. अकरा कामगार. मालक म्हणाला, देणी द्यायला पैसा नाही, हवी तर यंत्रे घ्या. अकरा जण माझ्याकडे आले. "आपण चालवू या का?" सर्वांत धाकटा होता त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मी 'बादबान'ची गोष्ट वाचलेली होती. तिचाच दाखला देऊन मी त्यांना म्हटले, यात पडू नका. यंत्रे विका, मिळेल ते वाटून घ्या. त्यांनी ऐकले. माणशी आलेली रक्कम वर्षभर पुरली नाही. यंत्रे ज्याने घेतली त्याने ती पुढे दहा वर्षे चालवली. त्याच ऑर्डरी, तेच साचे. आमच्यातल्या दोघांना त्याने तिथेच रोजावर ठेवले होते.

मी चुकलो का? आजही मला सांगता येत नाही. 'बादबान' पडला म्हणून काढणारे मूर्ख ठरत नाहीत, हे मला तेव्हा सुचले नाही. त्यांच्या हातून निदान एक चित्र झाले. आमच्या अकरा जणांच्या हातून काही झाले नाही, आणि त्यात माझ्या शहाणपणाचा वाटा आहे.

असो. आवाराचे पुढे काय झाले ते थोडक्यात. पुण्याच्या प्रभात कंपनीची वास्तू वाचली, कारण तिथे १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ साली आगीत सापडला आणि दोन वर्षांनी घरे बांधणाऱ्या कंपनीकडे गेला. मालाडचे आवार या दोहोंपैकी कोणत्याच वाटेने गेले नाही. ते गाळ्यागाळ्यांनी विरघळले. शेड उभ्या राहिल्या, जुन्या बांधकामाच्या भिंती मधूनच उघड्या पडल्या, त्यांवर झाडे वाढली. रस्त्याला हिमांशु रायांचे नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही. 'बॉम्बे टॉकीज' म्हटले की तो बरोबर आणून सोडतो. चित्रपट न पाहिलेली, नटांची नावे न ऐकलेली हजारो माणसे रोज ते नाव उच्चारून कामावर जातात.

व्हिर्शिंग यांनी टिपलेली त्या स्टुडिओची छायाचित्रे त्यांच्या कुटुंबाने जपली आणि २०१७ साली पणजीला त्यांचे प्रदर्शन झाले. रायांच्या नातवाकडचा संग्रह तिकडे मेलबर्नच्या संग्रहालयात लोकांना दाखवला गेला. देविकाराणींना पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हे सारे योग्यच झाले. त्या चित्रांच्या श्रेयनामावलीत मात्र सुतार, रंगारी, दिवे धरणारे यांची नावे घालायची तेव्हा पद्धत नव्हती.

सुतारबाबा १९९१ साली गेले. त्याआधी एकदा आमच्या पहिल्या हजेरीपटाची वही मी त्यांना कौतुकाने दाखवायला नेली. बऱ्याच भांडणानंतर ती आम्हाला मिळाली होती. चौदा नावे होती. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाले, "यात माझे लिही." मी म्हटले, बाबा, तुम्ही आमच्या शेडचे नाही, शेजारच्या गाळ्याचे. कायद्याने चालणार नाही. ते म्हणाले, "आवार तर एकच ना?"

मी पेन काढले आणि पंधरावे नाव लिहिले. पुढच्या महिन्यात कामगार खात्याचे निरीक्षक आले, त्यांनी वही चाळली आणि त्या नावावर बोट ठेवून हे कोण म्हणून विचारले. मी सांगितले, जुने कामगार आहेत. त्यांनी विचारले, "कधीपासून?"

मी म्हटले, "१९३६ पासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, आणि पान उलटले.